ठिबक असूनही बोअर खोल का जातंय?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची दहा एकर जमीन, सगळी केळीखाली. वडिलांच्या वेळी विहिरीवर बाग निघायची. आता दर दोन-तीन वर्षांनी बोअर खोल करावं लागतं, आणि ठिबक तर कधीचंच आहे. त्यात पुण्याची भाची म्हणते, ‘मामा, तुमची शेती पर्यावरणाच्या मुळावर उठलीय.’ मग पाणी जातं कुठे?
— एक केळी उत्पादक

उत्तर : भाऊ, आधी हिशेब मांडू. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १,७४० झाडं. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकतो, तेव्हा मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटर धरा. एका एकराला रोज जवळपास ३५,००० लिटर झाले, म्हणजे पाच हजारी टँकर सात! ठिबकने काटकसर होते, यात वाद नाही. पण पाटपाण्याच्या काळात जास्तीचं पाणी जमिनीत मुरायचं आणि त्यातलं काही परत विहिरीला मिळायचं. आता तेही थांबलं. आणि वाचलेल्या पाण्याचं आपण काय केलं? जिथे दादर ज्वारी, उडीद, मूग होता, त्या वावरातही केळी नेली. बचत विहिरीत राहिली असती तर रावेर-यावलवर भूजलाच्या अतिउपशाचा शिक्का बसला नसता.

तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेचा मध्य प्रदेशाशी २०२५ मध्ये करार झाला. चांगलंच आहे. पण करार विहिरीत उतरायला वेळ लागतो. त्या भरवशावर नवी लागवड करू नका.

भाचीचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं तिच्या शहरातल्या फळवाल्याच्या हातगाडीवर आहे. एकसारखी, बिनडागाची, बारमाही केळी बाजाराने मागितली, म्हणून जुनं बसराई वाण मागे पडलं आणि टिश्यू कल्चर रोपांचं ग्रँड नैन आलं. सगळीकडे एकच वाण, ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या कांदेबागेच्या शेजारी जून-जुलैची मृगबाग, म्हणजे रोगाला वर्षभर पंगत. सीएमव्ही या विषाणू रोगाने बागा उपटायची वेळ आली, ती तुम्हीही पाहिली असेल. हा रोग मावा नावाची कीड पसरवते, म्हणून केळीत काकडी-भोपळा लावू नका आणि बांधावरचं तण काढा.

पैशाचं तर विचारूच नका. बोर्डावर जाहीर होतो तो भाव एक, बागेत व्यापारी देतो तो दुसरा. पिकलेला माल थांबत नाही, म्हणून मान आपणच खाली घालायची. आणि उन्हात घड वाहणाऱ्या मजुराच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हे भाचीने विचारलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

तुम्ही करायचं एवढंच : पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेलं पुढचं पीक) संपली की दहापैकी तीन एकर केळीतून मोकळे करा. पावसाळ्यात उडीद-मूग, मागून हरभरा. नाहीतर सरळ दादर. दादरीचा कडबाही विकला जातो, आणि उन्हाळ्यात त्या तीन एकरांचा उपसा शून्य. केळीचे खांब रस्त्याकडेला फेकू नका, जाळूही नका. तुकडे करून वावरातच कुजवा. जुनी विहीर बुजवली नसेल तर नाल्याचं पुराचं पाणी गाळून तिच्यात सोडा. बोअर मात्र आता खोल करू नका. तुम्ही शंभर फूट गेलात की शेजारी सव्वाशे जाणार, आणि दोघांचं कर्ज तेवढं वाढणार.