पहिलं जुनं वॉशिंग मशीन घेण्याआधी

भावा, सुरुवात परदेशी मशीननं करू नकोस. अमेरिकन मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरतं, पण आपली वीज ५० हर्ट्झचीच राहते. मग मोटर मंद फिरते, जास्त तापते आणि १० मिनिटांचा मोटरवाला टायमर १२ मिनिटं घेतो. माझी पहिली मोटर अशीच जळाली.

त्यापेक्षा आपलं दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक बघ. टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो, इलेक्ट्रॉनिक बोर्डबिर्ड काही नाही. बघायला गेलास की प्लग लावायच्या आधी ड्रायरचा टब हातानं फिरव. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. खाली गंजाचे ओघळ असले तर पाणी अडवणारं रबरी सील गळतंय. दोन्ही दुरुस्त होतं. पत्रा तळातून कुजला असेल तर मात्र कितीही जीव जडला तरी सोडून दे.

झाकण उघडलं की ब्रेक लागून टब काही सेकंदांत थांबलाच पाहिजे. नाही थांबला तर घरात पोरं असताना ते मशीन लावायचं नाही म्हणजे नाही. अर्थिंग तपास. मोटरचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. रेझिस्टर लावून तो उतरव, मगच आत हात घाल.

सुटा भाग मिळत नाही म्हणून हातपाय गाळू नकोस. आपल्याजवळ कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, छोट्या कारखान्यांची वसाहत! जुना बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) किंवा पुली नमुन्याला घेऊन जा, लेथवर तसाच करून मिळतो. आणि मशीन शोभेला ठेवू नकोस, पडून राहिलं की सील सुकतं. आमच्याकडं रविवारच्या चादरी जुन्या मशीनलाच.