१० मीटर एअर पिस्तूलच्या सरावासाठी स्वस्त आणि भरवशाच्या पॅलेट्स कोणत्या घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तेरा वर्षांची आहे, सहा महिन्यांपासून क्लबच्या पिस्तूलवर शिकतेय, आठवड्याला पॅलेटचा, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, एक डबा संपतोय. कोच म्हणतात महागडी मॅच पॅलेटच (स्पर्धेत वापरतात ती) घ्या, आणि दुकानदार तीन वेगवेगळ्या किमतींचे डबे पुढ्यात मांडून "तुम्हीच ठरवा" म्हणतो. मी पुण्यात गेली अकरा वर्षं क्लब पातळीवर एअर पिस्तूल मारते. कोच नाही, पण डबे मात्र भरपूर रिकामे केलेत.

सरळ सांगायचं तर तुमच्या मुलीला आत्ता महागडी पॅलेट नको. का, ते टार्गेटवरच मोजून दाखवते.

एअर पिस्तूलच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, नऊचं २७.५, आठचं ४३.५. पॅलेटची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. आता चांगली मॅच पॅलेट आणि साधी पण बऱ्या कंपनीची पॅलेट एकाच पिस्तूलमधून, पिस्तूल नीट टेकवून मारून पाहा. पाच भोकांचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजला, तर माझ्या पिस्तूलमध्ये महागडीचा ७ मिमी आला आणि साधीचा साडेनऊ ते दहा. दोन्ही दहाच्या आत! सहा महिन्यांच्या मुलीचे शॉट मात्र सात-आठच्या वर्तुळात पसरत असणार, आणि त्यात काही वावगं नाही. म्हणजे हाताची चूक चार-पाच सेंटिमीटरची आणि पॅलेटची अडीच-तीन मिलिमीटरची. पैसे कुठे घालायचे ते तुम्हीच बघा.

इथे एक गोम आहे. महाग पॅलेटचा आग्रह बऱ्याचदा रायफलवाल्यांकडून येतो, आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असतं. १० मीटर रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि त्यांची पात्रता फेरीसुद्धा दशांशात मोजतात. तिथे एक मिलिमीटरही अंगाशी येतो. पिस्तूलची पात्रता फेरी पूर्ण गुणांतच असते, दशांश फक्त फायनलमध्ये येतात. त्यामुळे रेंजवरचा शेजारचा दादा काय वापरतो हे विचारण्याआधी त्याच्या हातात रायफल आहे की पिस्तूल, ते बघा.

म्हणून स्वस्त म्हणजे कुठलीही चालते असं मात्र नाही. मी हे माझ्या पैशानं शिकलेय. दुसऱ्या वर्षी एका दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत सुट्या मिळणाऱ्या, बिननावाच्या पॅलेट्स आणल्या होत्या. पुढचा सव्वा महिना मी स्वतःला शिव्या घालत होते. चार शॉट बरे जायचे आणि पाचवा कुठेतरी सातला. मी ट्रिगर बदलून घेतला, ग्रिपला पुटी लावली, एकदा तर चष्म्याचा नंबर तपासून आले. शेवटी क्लबमधल्या एका काकांनी माझ्या हातातून पॅलेट घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "अगं, हिचा घागरा बघ." पॅलेटच्या मागच्या पोकळ, पसरट भागाला स्कर्ट म्हणतात, त्याला ते घागरा म्हणायचे. तो एका बाजूला चेपलेला होता. डोक्याच्या कडेला साच्याची बारीक शीर राहिली होती. टेबलावर ओतून बघितलं तर दहातल्या तीन-चार तशाच. वाळूच्या पिशवीवर टेकवून मारला तेव्हा ग्रुप २३ मिमी! चूक माझ्या बोटाची नव्हतीच.

तर भरवशाची म्हणजे काय, तर प्रत्येक पॅलेट दुसरीसारखी असणं. दुकानात एवढं बघा:

डोकं सपाट हवं, वॉडकटर लिहिलेलं. गोल किंवा टोकदार डोक्याची कागद फाडते, भोक स्वच्छ पडत नाही आणि गुण मोजताना वाद होतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी गोळ्या तर मॅच पिस्तूलमध्ये घालूच नका, बॅरलच्या आतल्या खाचा खराब होतात. वजन डब्यावर छापलेलं असतं: पिस्तूलच्या पॅलेट्स साधारण ०.४५ ग्रॅम म्हणजे ७ ग्रेनच्या, रायफलच्या ०.५३ ग्रॅम म्हणजे ८.२ ग्रेनच्या. दुकानदाराकडे पिस्तूलची संपली की तो रायफलची पुढे करतो. त्यानं काही बिघडत नाही, पण मग साईट, म्हणजे नेम धरायची खाच आणि टोक, पुन्हा जुळवावी लागेल.

नावं विचारलीत म्हणून सांगते. आरडब्ल्यूएसची हॉबी ही सरावाची जुनी, साधी पॅलेट आहे आणि मी रोज तीच वापरते. त्याच कंपनीची आर१० आणि एच अँड एनची फिनाले मॅच या वरच्या वर्गातल्या. आर१०चा एक डबा मी कपाटात ठेवते, फक्त मॅचसाठी. मॅचमध्ये ६० शॉट आणि आधीचे सायटर (नेम जुळवायचे, गुण न धरले जाणारे शॉट) धरून ऐंशी-नव्वद जातात, म्हणजे एका डब्यात पाच मॅच निघतात. मॅचच्या दोन-तीन आठवडे आधी तोच डबा सुरू करायचा आणि साईट त्यावर जुळवायची.

घेण्याआधी शक्य असेल तर क्लबमधल्या लोकांकडून वीस-वीस पॅलेट्स मागून आणा आणि मुलीच्याच पिस्तूलमधून, टेकवून, कोचना मारायला सांगा. एकाच मॉडेलच्या दोन पिस्तूलांनाही कधी वेगळी पॅलेट मानवते. जी बसली तिचे चार-पाच डबे एकदम घ्या, डब्यावरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघून. एका डब्यात ५०० असतात. डब्यामागे पाचशे रुपये वाचले तर शॉटमागे रुपया वाचला, आणि आठवड्याला एक डबा संपवणाऱ्या मुलीचे महिन्याला दोन हजारांच्या आसपास शॉट होतात.

त्याहून स्वस्त सराव म्हणजे पॅलेट न घालता मारणं. आमच्याकडे सगळे ड्रायच म्हणतात. मॅच पिस्तूलमध्ये त्याची वेगळी सोय असते. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून, साईटवर नजर ठेवून ट्रिगर दाबायचा आणि साईट हलली का ते बघायचं. मी घरी तीस ड्राय मारल्याशिवाय रेंजवर जात नाही. फक्त स्प्रिंगचं, बॅरल मोडून भरायचं पिस्तूल असेल तर ते रिकामं उडवू नका, आतला पिस्टन आपटतो.

पावसाळ्यात डबा कसा ठेवता? शिसं दमट हवेत काळवंडतं, त्यावर पांढरी भुकटी धरते. घट्ट झाकणाच्या बरणीत, बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. जमिनीवर पडलेली पॅलेट परत वापरायची नाही, कितीही चांगली दिसली तरी. आणि मुलीला तोंडात पॅलेट धरायची सवय असेल (बऱ्याच मुलांना असते, हात मोकळा राहतो म्हणून) तर आजच मोडा. शिसं लहान मुलांच्या अंगाला फार वाईट. रेंजवर काही खायचं नाही, बाहेर पडताना साबणानं हात धुवायचे, मग डबा उघडायचा. जेवणाचा म्हणतेय.

लायसन्सचं तुम्ही शेवटी विचारलंय. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला लागत नाही. मॅच पिस्तूल पाच-सहा ज्यूलचंच असतं. पुढेमागे ती २५ मीटरला, .२२कडे वळली तर मात्र काडतुसांचा सगळाच मामला वेगळा, लायसन्सपासून.

हो, रिकाम्या डब्यांचं राहिलं. ते दिसायला फार गोड असतात. माझ्या सासूबाईंनी एक धुऊनपुसून हळदीकुंकवासाठी काढून ठेवला होता. तो परत मागताना माझी जी तारांबळ उडाली ती विचारू नका. आता त्यात शिलाई मशीनच्या बॉबिन आहेत.