उत्तर: पाच फाइट्सचा करार आलाय, सही करू का?

तुझी पोस्ट परवा रात्री वाचली आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून आडवा झालो. झोप काही लागली नाही. वय 23, इंदूर, चार हौशी फाइट्स आणि चारही जिंकलेल्या. आता एका कंपनीने व्यावसायिक एमएमएसाठी (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली झुंज) पाच फाइट्सचा करार देऊ केलाय, ‘वजनाच्या दिवशी’, म्हणजे फाइटआधी काट्यावर उभं करतात त्या दिवशी, ‘हॉटेलवरच सही उरकू’ म्हणतात, आणि बाबा म्हणतात आधी बँकेची परीक्षा दे. बँक सोडली तर हे सगळं माझंच आहे. माझ्या बाबांच्या डोक्यात पोस्ट खातं होतं.

वयाने धाकटा आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. जिम कोणती, प्रोटीन किती, आधी मुएथाई की जिउजित्सू, यात मी शिरत नाही. चार फाइट्स जिंकलायस म्हणजे तेवढं तुला कळत असणार. मला त्या सहीबद्दल बोलायचंय.

जानेवारी 2015. मी 25चा. इंदुरात मल्हारगंजच्या बाजूच्या आखाड्यात मातीत वाढलेला, मग एमएमएत आलेला. बँटमवेट, म्हणजे 61.2 किलो. एरवी माझं वजन 69. फाइटआधी शरीरातलं पाणी तोडून, घाम काढून ते खाली आणायचं. शेवटचे आठ दिवस कसे गेले ते विचारू नकोस. सराफ्याच्या खाऊगल्लीतून स्कूटर नेताना गराडूचा कंद तळल्याचा वास आला तर डोळ्यांत पाणी यायचं, आणि तेवढंही पाणी परवडत नव्हतं. शेवटची रात्र गरम पाण्याच्या टबात, अंगावर प्लास्टिकचा सूट. सकाळी काटा 61.2 वर टेकला. अर्ध्या तासाने हॉटेलच्या लॉबीत बसलोय, हातात इलेक्ट्रॉलची बाटली, ओठ फाटलेले, आणि एक मुलगा फाइल घेऊन आला. ‘भिया, फॉर्मॅलिटी आहे.’ नऊ पानं इंग्रजी. मी पहिलं पान वाचलं, पैशाचा आकडा वाचला आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे सही ठोकली. दोन्ही प्रती त्याच मुलाने गोळा केल्या. माझी प्रत ‘कुरियरने येईल’ म्हणाला. ती आजपर्यंत यायची आहे.

चौथ्या पानावर मुदतीचं वाक्य होतं: पाच फाइट्स किंवा 24 महिने, यांपैकी जे नंतर होईल ते. आता हे वाक्य तू नीट वाच. मी ‘24 महिने’ एवढंच डोक्यात घेऊन उठलो. दोन वर्षं यांच्याकडे, मग आपण मोकळे. खरा अर्थ असा, की पाच फाइट्स होईपर्यंत मी त्यांचा. आणि पाच फाइट्स त्यांनी कधीपर्यंत द्यायच्या हे नऊ पानांत कुठेच नाही. वर दुखापत झाली तर तेवढे महिने मुदत पुढे. म्हणजे त्यांनी काहीच केलं नाही तरी मी बांधलेला.

आणि त्यांनी तेच केलं. एक फाइट दिली. ती मी दुसऱ्या राउंडला जिंकलो, दुहेरी पट काढून, म्हणजे दोन्ही पाय ओढून पाडून, वर बसलो आणि कोपरं मारली. पुढचा कार्यक्रम ‘पुढच्या तिमाहीत’. मग हॉल मिळेना, मग प्रायोजक गेला. मी सकाळी पोरांना शिकवायचो आणि दुपारी सियागंजात चुलतभावाच्या दुकानात वह्या लिहायचो. तिमाही काही येईना.

2016च्या मध्यात बाहेरच्या देशातून बोलावणं आलं. तीन आठवडे हातात, माझंच वजन, तिकीट त्यांचं, पैसे तिप्पट. फक्त सध्याच्या कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, पाहिजे. मला वाटलं, एक कागद तर आहे.

त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही, शहरही नाही. फोन केला तर ‘मेल करा’. मेल केला तर ‘कराराची मूळ प्रत जोडा’. मूळ प्रत तुमच्याकडेच आहे म्हणालो तर ‘तसं लेखी अर्ज करून कळवा’. शेवटी रात्रभराचा प्रवास करून दारात जाऊन बसलो. साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी साहेब बाहेरगावी. स्वागतकक्षाच्या भिंतीवर माझंच पोस्टर लावलेलं, हात वर धरलेला, आणि खाली बसलेली बाई दर तासाला विचारतेय, ‘आपण कोण?’ चहा मात्र दिला, खोटं कशाला बोलू. सतराव्या दिवशी ती फाइट दुसऱ्या मुलाला गेली. एनओसी देणार नाही असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, हे लक्षात घे. नाही म्हटलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

24 महिने पुरे झाल्यावर मी खुशीत मेल केला, की आता मी मोकळा. दोन ओळींचं उत्तर आलं, सोबत कराराचं स्कॅन: चौथं पान पाहावे. करारातलं ते वाक्य पहिल्यांदा मी तेव्हा पुरतं वाचलं.

मग मामाच्या ओळखीचे एक वकील गाठले, हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात काम करणारे. त्यांना एमएमए म्हणजे काय हे समजावण्यातच पाऊण तास गेला. कलम मात्र त्यांना तोंडपाठ. 1872च्या करार कायद्याचं कलम 27: माणसाच्या धंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्द. त्यांनी झहीर खानचं उदाहरण दिलं. आपला श्रीरामपूरचा. त्याचा एका कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही ‘दुसरीकडे जाण्याआधी आम्हाला विचार’ हे कलम कंपनीला चालवायचं होतं, आणि सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये ते मानलं नाही. पण वकीलसाहेबांनी लगेच हेही सांगितलं, की करार चालू असतानाचं बंधन ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कोर्ट इतकं सहज सोडवत नाही. म्हणूनच ते ‘नंतर’ इतकं घातक. मुदत संपतच नाही, मग मुदतीनंतरचं संरक्षण मिळणार कधी?

नोटीस गेली. साडेचार हजार रुपये लागले. तीन आठवड्यांत एका ओळीचा मेल: आपल्याला मुक्त करण्यात येत आहे. एवढ्यासाठी मी दोन वर्षं दारं वाजवत होतो. त्याच वर्षाच्या अखेरीस सरावात गुडघ्याचं लिगामेंट गेलं. नंतर दोनच फाइट्स केल्या, दोन्ही हरलो. आता 36चा आहे, शिकवतो.

मी वकील नाही, तुझा करार मी पाहिलेला नाही, आणि माझा अनुभव जुना आहे. एवढं धरून पुढचं वाच. ‘नंतर’च्या जागी ‘आधी’ करून घे. वर्षाला किमान किती फाइट्स देणार ते लिहून घे, आणि तेवढ्या दिल्या नाहीत तर करार आपोआप संपेल असंही. एनओसीचं उत्तर सात दिवसांत, होय किंवा नाही, लेखी. वाद झाला तर कुठल्या शहरात, हे बघ. लवाद दूरच्या शहरात असेल तर तू जाणार नाहीस हे त्यांना माहीत असतं. फाइटमध्ये हाड मोडलं तर खर्च कोणाचा, हेही. घरच्या अपघात विम्यावर विसंबू नकोस, व्यावसायिक खेळातली दुखापत त्यात बहुतेक वेळा वगळलेली असते. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापतील, तो आयकर खात्यात तुझ्या नावावर जमा दिसतोय का ते तपास. आणि सही केलेली प्रत हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.

ते म्हणतील, ‘हा स्टँडर्ड करार आहे, सगळे करतात.’ करतात ना. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी कंपनीत, सगळ्यांनी केला, आणि मग 2014 मध्ये कुंग ली वगैरे फायटर्स कोर्टात गेले, अशाच बांधून ठेवणाऱ्या अटींवरून. दहा वर्षांनी, 2025 मध्ये, 37.5 कोटी डॉलरच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. फ्रान्सिस एन्गानू तर हेवीवेट चॅम्पियन असताना जवळजवळ वर्षभर फाइटविना बसून राहिला आणि 2023च्या जानेवारीत बाहेर पडला. त्यांच्यामागे वकिलांची फौज होती. शिवाय अमेरिकेत नेवाडासारख्या राज्यात फाइटवर सरकारी कमिशनची (आयोगाची) नजर असते. आपल्याकडे तसं कमिशनच नाही. तक्रार करायची तर कुठे? भारतात दारूच्या दुकानालासुद्धा परवाना लागतो, आणि पोरांच्या डोक्यावर लाथा मारायचे कार्यक्रम मात्र... जाऊ दे, यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

वजनाबद्दल एकच. मी सही केली त्याच वर्षी डिसेंबरात वन चॅम्पियनशिप या एमएमए कंपनीचा 21 वर्षांचा एक चिनी मुलगा वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्यांनी शरीरातलं पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली, लघवी तपासायला लागले. मी आठ किलो उतरवायचो त्याला आज मी मूर्खपणा म्हणतो. वजनानंतर कोणी ‘सलाइन लावून घे’ म्हणालं तर ऐकू नकोस. हॉस्पिटलातल्या उपचाराची गोष्ट वेगळी, पण एरवी 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त सलाइन ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमात बसत नाही. आणि असल्या अवस्थेत माणसाला धड सहीही करता येत नाही. माझ्या त्या नऊ पानांवर नऊ वेगवेगळ्या सह्या आहेत.

तूही कुस्तीतून आलायस असं दिसतं, म्हणून न विचारता सांगतो: पट काढताना मान खाली घालायची सवय मोड. 2017 मध्ये भरत खंडारे यूएफसीत उतरला, कुस्तीतला तगडा माणूस, आणि शांघायला पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनमध्ये, म्हणजे मानेला हाताने घातलेल्या विळख्यात, सापडला. दुसरं, चितपट होण्याच्या भीतीने आपण पोटावर वळतो ना, कुस्तीच्या मॅटवर ती सवय हार वाचवते आणि पिंजऱ्यात समोरच्याला पाठ देऊन टाकते. मला ही खोड मोडायला दीड वर्ष लागलं.

राहिले बाबा. ते चूक नाहीत. सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्याचा विचार असेल तर वुशू या चिनी युद्धकलेतलं सांडा, म्हणजे ठोसे-लाथांची लढत, खेळत राहा. 2020 मध्ये केंद्राने यादी वाढवली तेव्हा वुशू, जपानी कुडो, आपला मल्लखांबसुद्धा आत आला, एमएमए आला नाही. पूजा तोमर वुशूतूनच आली, आणि 2024च्या जूनमध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई ठरली. म्हणजे तो रस्ता धरला म्हणून हा बंद होत नाही. बँकेची परीक्षाही दे, सकाळच्या सरावानंतर दोन तास बसायला काय जातंय.

कराराचं मुदतीचं पान मला व्यक्तिगत निरोपात पाठव, नाव आणि रक्कम झाकून. साडेआठपर्यंत मी मॅटवर असतो, त्यानंतर बघतो. वजनाचा दिवस कधी आहे ते तू लिहिलंच नाहीस, तेवढं आधी कळव.