फायर स्किंक हा रंगीत सरडा पाळण्यास सोपा असतो का? नवख्या माणसाने काय काळजी घ्यावी?

आपण इंग्लंडमध्ये राहता, आपल्या मुलाने दुकानात पाहिलेली फायर स्किंक त्याला हवी आहे आणि घरात यापूर्वी कोणताही प्राणी पाळलेला नाही, असे आपण लिहिले आहे. मीही इंग्लंडमध्येच गेली 4 वर्षे ही स्किंक पाळत असल्याने अनुभवावरून सांगतो की ती झेपेल. परंतु आपण जे रंग पाहून भाळला आहात, ते दिवसाचा बहुतेक वेळ मातीखाली असतील, हे आधी मुलाला सांगावे.

स्किंक म्हणजे आपल्याकडची सापसुरळी. कोकणात हिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजून उगाचच मारतात. फायर स्किंकही तशीच बिनविषारी असते. ती मूळची पश्चिम आफ्रिकेतील दमट जंगलांतली, आणि तिच्या शास्त्रीय नावातील ‘फर्नांडी’ हा शब्द फर्नांडो पो, म्हणजे आजच्या बियोको, या बेटावरून आला आहे. पाठ सोनेरी तांबूस, कुशी लालभडक व त्यांवर काळे-पांढरे पट्टे, शेपूट काळसर, आणि पूर्ण वाढल्यावर लांबी सुमारे 35 सेंटीमीटर. (लहानपणी नर-मादी ओळखणे कठीण असते, आमच्या घरी सापसुरळी म्हणून ‘ती’ म्हणायला लागलो, ते तसेच राहिले.)

जंगलात ती पालापाचोळ्यात आणि सैल मातीत बिळे करून राहते, आणि तिच्या देखभालीतील जवळपास प्रत्येक गोष्ट या एका सवयीतून निघते. मी सुरुवातीला विक्रेत्याच्या सांगण्यावरून पेटीत जेमतेम 4 सेंटीमीटर कोरडा लाकडी भुसा पसरला होता. महिनाभरात तिने कात टाकली, पण बोटांवरची कात सुटली नाही, ती आवळत गेली आणि एका बोटाचे टोक गळून पडले. आता पेटीत खतविरहित माती व वाळू यांचे 15 सेंटीमीटर जाडीचे मिश्रण, त्यावर वाळलेली पाने आणि एका कोपऱ्यात ओले शेवाळ भरलेला डबा आहे. आर्द्रता 60 ते 70 टक्के राहते आणि कात अखंड निघते. मातीचा खालचा थर ओलसर हवा, वरचा मात्र चिखल होऊ देऊ नये.

पेटी किमान 90 सेंटीमीटर लांब असावी, कारण तिच्या एका टोकाला 32 ते 35 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25 अंशांच्या आसपास तापमान ठेवावे लागते. सरपटणारा प्राणी जागा बदलूनच शरीराची उष्णता सांभाळतो. ऊब देणाऱ्या दिव्याला थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारे उपकरण) अवश्य जोडावा, आणि काचेला चिकटवायच्या गोल तापमापकावर विसंबू नये: माझा तापमापक 33 दाखवीत होता, तेव्हा दिव्याखालचा दगड प्रत्यक्षात 41 अंशांवर होता. अतिनील किरणांची नळी आणि खाद्यावर कॅल्शियमची पूड, या दोन्ही गोष्टी नसतील तर हाडे मऊ पडतात.

खाण्याची फारशी चिंता नाही. रातकिडे, डुबिया झुरळे, गांडुळे ती आवडीने खाते. पिलाला रोज आणि मोठीला एक दिवसाआड द्यावे. शाकाहारी घरात जिवंत झुरळांचा डबा कोठे ठेवायचा, हा प्रश्न आमच्याकडे तापमानापेक्षा जास्त गाजला.

विकत घेताना ती बंदिवासात जन्मलेली आहे का, हे आवर्जून विचारावे. जंगलातून पकडलेल्यांच्या पोटात बहुधा जंत असतात आणि त्या फार बुजतात. तशीच मिळाली तर विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. शेपटी धरून कधीही उचलू नये, ती तुटते. पुन्हा उगवली तरी पहिल्यासारखी दिसत नाही. पहिले 2 आठवडे तर हातच लावू नये. माझी तिसऱ्या महिन्यात चिमट्यातून गांडूळ घेऊ लागली. हातावर चढते, पण मुठीत धरलेले तिला आजही खपत नाही. हाताळल्यानंतर मुलाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.