कृष्णा, तलाव की कूपनलिका: निवड मे महिन्याच्या पाण्यावर करावी

नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातील आपल्या गावासाठी पुरसभेने (म्हणजे तिथल्या नगरपालिकेने) नव्या कूपनलिका, कृष्णेवरून जलवाहिनी आणि जुन्या तलावाचे खोलीकरण असे तीन पर्याय मांडले असून त्यांतला सर्वांत चांगला कोणता, असे आपण विचारले आहे. याच जिल्ह्यात आमच्या गावाने हाच प्रश्न सोसला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी अभियंता नाही, पाणी समितीत काम केलेला नागरिक आहे. तेव्हा पुढील हिशेब जाणकाराकडून पडताळून घ्यावा.

माझ्या मते पाणी कृष्णेचेच घ्यावे, परंतु ते थेट शुद्धीकरण केंद्रात न नेता आधी तलावात साठवावे आणि कूपनलिका केवळ अडीनडीसाठी राखाव्यात. म्हणजे आपले दुसरे आणि तिसरे पर्याय वेगळे नाहीतच. ते एकाच योजनेचे दोन भाग आहेत.

कूपनलिकांविषयी मी इतका साशंक का आहे, ते सांगतो. आमच्याकडे एका कार्यालयाने, ज्याचे नाव येथे घेत नाही, कूपनलिकांची क्षमता पावसाळा संपता संपता मोजली, तीही काही तास पंप चालवून. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात साठते. पावसानंतर हे सारे भरलेले असते, त्यामुळे तेव्हा कोणतीही बोअर जोरात चालते. पुढे उन्हाळ्यात भोवतालच्या ऊसमळ्यांतील पंप रात्रंदिवस ओढू लागले की तीच बोअर हवा फेकते. मे महिन्यात पुन्हा मोजणी करा, अशी लेखी विनंती आम्ही केली, तेव्हा अहवाल मंजूर झाला असून फेरमोजणीची तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. त्या एका आकड्यावर पंप आणि नळ खरेदी झाले, निधी संपला आणि नदीची योजना मागे पडली. उन्हाळ्यात बायामाणसे टँकरपुढे घागरी घेऊन उभी असताना कागदोपत्री मात्र गावाला पुरेसा पाणीपुरवठा होता, याचा संताप मला आजही आवरत नाही. आपण फेरमोजणीची अट ठरावातच घालून घ्यावी.

आता नदीकडे वळू. कृष्णा म्हणजे बारमाही पाणी, असे गृहीत धरू नये. उन्हाळ्यात पात्र आटले की कोयना आणि वारणा धरणांतून पाणी सोडण्याची विनंती कर्नाटकाला महाराष्ट्राकडे करावी लागते आणि सोडलेले पाणीही वाटेतल्या शेतीपंपांतून पार होऊन खाली येते. म्हणूनच साठवण आवश्यक आहे. लोकसंख्या 50,000 आणि माणशी रोज 135 लिटर धरले, तर दिवसाला 67.5 लाख लिटर, म्हणजे 90 दिवसांना सुमारे 61 कोटी लिटर पाणी लागते. सरासरी चार मीटर खोलीचा तलाव धरला, तर त्यासाठी सुमारे 15 हेक्टर क्षेत्र हवे. शिवाय उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत अर्ध्या मीटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाते आणि पाझर वेगळाच. त्यामुळे पसरट, उथळ तलावापेक्षा लहान क्षेत्राचा खोल तलाव केव्हाही बरा. बेळगाव शहरालाही राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांचा आधार आहे, हे ठराव मांडताना अवश्य सांगावे.

नदीकाठच्या जॅकवेलबाबत, म्हणजे नदीचे पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या विहिरीबाबत, एक सूचना करतो. पंपांच्या मोटारी आणि विजेचे फलक ऑगस्ट 2019 च्या पूररेषेच्या वर बसवावेत. महापुरात पंपगृह बुडाले, तर चहूकडे पाणी असूनही नळ कोरडे राहतात.

पाण्याच्या तपासणीत ‘पिण्यायोग्य’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नये. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असतात, दुसरा स्रोतच नसल्यास 2000 पर्यंत चालवून घेतले जातात; नायट्रेटची मर्यादा 45 आहे आणि फ्लोराइडची 1, पर्याय नसल्यास 1.5. आपल्या भागात उसाला खते भरपूर पडतात, त्यामुळे बोअरच्या पाण्यातील नायट्रेटचा आकडा मागूनच घ्यावा, कारण पाणी उकळून नायट्रेट जात नाही. नाणे टाकून घागर भरून देणारी शुद्ध पाण्याची केंद्रे हा काहींना सोपा उपाय वाटतो. परंतु त्यांत बरेच पाणी वाया जाते आणि मूळ बोअर आटली की केंद्रही बंद पडते, म्हणून त्यांना मुख्य योजना मानण्यास माझा विरोध आहे.

अहवाल बहुधा कन्नडमध्ये असेल, तेव्हा वाचून दाखवणारा विश्वासू माणूस बैठकीला सोबत न्यावा. कार्यालयाने आकडे देण्यास टाळाटाळ केली, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून मोजणीची तारीख, पंप किती तास चालवला आणि त्या काळात पाण्याची पातळी किती उतरली, या तिन्ही नोंदींच्या प्रती मागाव्यात.