पासवर्ड बरोबर असूनही पोस्टग्रेस डेटाबेस आत घेत नाही, 'ट्रस्ट' लिहून टाकू का?

नका लिहू. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण ती ओळ फाइलीत टाकू नका.

तुम्ही लिहिलंय की जुन्या मशीनवर पोस्टग्रेस ११ होतं, नव्या उबुंटूवर १५ घातलं आणि पीजी_डंपऑल (सगळ्या डेटाबेसची एकत्र नक्कल काढणारी कमांड) वापरून सगळं युजरसकट इकडे आणलं. सर्व्हरवर बसून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायची खिडकी) उघडलं की बिनतक्रार आत जाता येतं, ॲप मात्र 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर' म्हणतं. आणि ऑफिसातल्या कुणीतरी पीजी_एचबीए फाइलीत (कुणाला कुठून आणि कसं आत घ्यायचं ते ठरवणारी फाइल) 'ट्रस्ट', म्हणजे पासवर्ड न विचारताच आत घे, असं लिहायचा सल्ला दिलाय.

सर्व्हरवर आत जाता येतं यावरून पासवर्डबद्दल काहीच कळत नाही. उबुंटूवर लोकल सॉकेटला (त्याच मशीनवरच्या थेट जोडणीला) 'पीअर' पद्धत असते. लिनक्सचा युजर कोण एवढंच ती बघते, पासवर्ड विचारतच नाही. तिथेच होस्ट म्हणून १२७.०.०.१ देऊन बघा, बहुतेक तीच एरर येईल. आणि पासवर्डची एरर येतेय म्हणजे ॲप सर्व्हरपर्यंत पोचलंय, तेव्हा फायरवॉलच्या मागे लागू नका.

आता सर्व्हरचा लॉग (नोंदींची फाइल) उघडा. पासवर्ड चुकला, युजरच नाही, मुदत संपली, काहीही असलं तरी पोस्टग्रेस क्लायंटला एकच वाक्य सांगतं. बाहेरच्याला सुगावा लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, 'डिटेल' या ओळीत असतं, आणि पीजी_एचबीएची कितवी ओळ लागू झाली तेही तिथेच दिसतं. माझा अंदाज, तुमच्याकडे 'डझ नॉट हॅव अ व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, म्हणजे त्या युजरचा पासवर्ड स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवलेला नाही. ११ मध्ये पासवर्ड मुळात एमडी५ या जुन्या पद्धतीने हॅश करून (सांकेतिक रूपात) ठेवले जायचे, १४ पासून (२०२१) मुळातली पद्धत स्क्रॅम झाली. डंपऑलने जुना हॅश जसाच्या तसा आणला आणि नव्या मशीनची पीजी_एचबीए स्क्रॅम मागतेय. पीएसक्यूएलमध्ये त्या युजरला बॅकस्लॅश पासवर्ड कमांडने पासवर्ड पुन्हा द्या, हवं तर तोच द्या. ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणारा भाग) फार जुना नसेल तर विषय संपला.

ड्रायव्हर जुना असेल तर काय होतं, ते मी साखर कारखान्यात बघितलंय.

सांगली भागातल्या एका कारखान्यात मी सिस्टीम खात्यात होतो. हंगामाच्या तोंडावर सर्व्हर ९.६ वरून १४ वर नेला. ऊस तोलायच्या काट्यावरच्या पीसींवर ओडीबीसी (विंडोजमधला) ड्रायव्हर आदिकाळातला, त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. गळीत सुरू झालं त्याच रात्री काटा बंद. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या खोळंबलेल्या, आणि काट्याच्या प्रोग्रामवर एकच वाक्य, 'युजर किंवा पासवर्ड चुकीचा'. त्या प्रोग्रामला कनेक्शनचा कुठलाही बिघाड झाला की तेवढंच म्हणता यायचं. सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर पुन्हा पुन्हा पासवर्ड बदलत बसला होता. मी काट्याच्या पीसीवर ओडीबीसीची खिडकी उघडून 'टेस्ट'चं बटण दाबलं, तर ड्रायव्हर स्वच्छ सांगत होता, 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड'. म्हणजे पासवर्ड बरोबर की चूक हा प्रश्नच नव्हता, त्या ड्रायव्हरला स्क्रॅम येतच नव्हतं.

मी म्हटलं, या एका युजरपुरतं पासवर्ड_एन्क्रिप्शन ही सेटिंग एमडी५ करून पासवर्ड पुन्हा द्या, काट्याच्या पीसींच्या आयपींना एमडी५ची ओळ टाका, रीलोड करा. ड्रायव्हरचं उद्या बघू. "आता शाळा घेऊ नका," म्हणत त्या इंजिनिअरने फाइलीत सगळ्यात वर ओळ लिहिली: होस्ट, ऑल, ऑल, ०.०.०.०/०, ट्रस्ट. म्हणजे कुठल्याही आयपीवरून कुणीही, पासवर्डशिवाय. पीजी_एचबीएत पहिली जुळणारी ओळ लागते, पुढचं वाचलंच जात नाही. नेटवर्कवरून येणाऱ्या सगळ्यांसाठी खालच्या ओळी मेल्या. काटा सुरू झाला, साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

ती ओळ तशीच राहिली. फेब्रुवारीत एका शेतकऱ्याची तक्रार आली, चिठ्ठीवरचं वजन आणि बिलातलं वजन यात टनभराचा फरक. रेकॉर्ड नंतर कुणीतरी बदललेलं होतं आणि बदलणाऱ्याच्या जागी काट्याच्या युजरचं नाव. झालं, त्या पाळीच्या काटा क्लार्कला धरलं. त्याच्याकडची चिठ्ठीची कार्बन कॉपी बरोबर होती. मी लेखी दिलं की कारखान्यातला कुठलाही पीसी या नावाने, किंवा थेट पोस्टग्रेस या मालक युजरच्या नावाने, पासवर्डशिवाय आत जाऊ शकतो, तेव्हा या नावाला पुरावा म्हणता येत नाही. उत्तर मिळालं, "तांत्रिक कारणं नकोत." त्या माणसाला हंगाम संपेपर्यंत गोडाऊनला टाकलं. वजन कोणी बदललं ते शेवटपर्यंत निघालं नाही, निघणार कसं?

तो इंजिनिअर अजूनही सांगतो की त्या रात्री त्याने ऊस वाचवला. तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे मला कुणी शिकवायला नको. आमचाही ऊस त्याच काट्यावर जातो. घाई खरीच होती. पण माझ्या उपायातही दोनचार कमांड आणि एक रीलोडच होतं, त्याहून जास्त वेळ तो पासवर्ड बदलण्यात घालवून बसला होता. ज्याला एरर वाचायचा कंटाळा, त्याने डेटाबेसला हात लावू नये. आणि 'ट्रस्ट' लिहिणाऱ्याने खाली आपलं नाव आणि तारीख लिहावी, म्हणजे उद्या क्लार्कला विचारण्याआधी त्याला विचारता येईल.

तुमच्या ऑफिसातल्या माणसाला एवढंच सांगा की ट्रस्ट लावल्यावर एरर जाते, कारण विचारणाराच जातो.

काही गोष्टी राहिल्या. डिटेलमध्ये स्क्रॅमचं नाव नसेल आणि पासवर्ड जुळत नाही असं असेल, तर पासवर्डात ॲट किंवा हॅशचं चिन्ह आहे का बघा. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये ते तसंच लिहिलं तर पासवर्ड अर्धवट तुटतो. लॉगमध्ये तुमच्या प्रयत्नाची नोंदच नसेल तर ॲप दुसऱ्याच सर्व्हरशी बोलतंय. उबुंटूवर दोन क्लस्टर (पोस्टग्रेसचे दोन वेगळे सर्व्हर) असले की दुसरा बहुधा ५४३३ पोर्टवर बसतो. जुना जावा ड्रायव्हर असेल तर ४२.२.० किंवा पुढचा घ्या. वर सांगितलेला एमडी५चा उपाय तात्पुरताच धरा, २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत त्याला अधिकृतपणे कालबाह्य ठरवलंय. आणि मालक युजरचाच पासवर्ड हरवला असेल, तर तेवढ्यापुरतं, फक्त लोकलच्या ओळीवर ट्रस्ट लावून, पासवर्ड बदलून लगेच काढून टाकणं ठीक आहे. तिथे माझी हरकत नाही.

डिटेलची ओळ इथे टाकलीत तर नेमकं सांगता येईल. युजरचं नाव आणि आयपी झाकून टाका.