टाकलेला आकडा आणि झालेला सौदा

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दिल्लीहून 8 लाखांत आणलेली 2012ची डिझेल मर्सिडीज एस क्लास तू 15.5 लाखांना विकायला जाहिरातीत टाकलीस. माणसं येतात, बघतात, फोटो काढतात नि जातात. सोबत त्याच मॉडेलच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवलेस, सगळ्या 14 ते 16 लाखांच्या. खरं सांगू? ते बघूनच माझं डोकं फिरलं.

अरे, ज्या गाड्या विकल्या त्यांच्या जाहिराती निघून गेल्या. तुला दिसतात त्या पडून राहिलेल्या. या आकड्याला गाडी जात नाही याचेच पुरावे गोळा करून तू मला पाठवलेस! टाकलेला आकडा हा भाव नसतो. तुझे वडील सांगलीच्या हळदीच्या सौद्यात आयुष्यभर बसले. पोत्याजवळ उभा राहून शेतकरी जे म्हणतो त्याला ते भाव म्हणतात का? पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, चढतो तो भाव.

दिल्लीत ती स्वस्त का मिळाली, हे तुझ्या गिऱ्हाइकालाही कळतं. 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं 2015 साली तिथं बंदी घातली, 2018ला सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडं उतरतात. तिकडची एनओसी (ना हरकत दाखला) आणून इथं सांगलीचं एमएच-10 पासिंग करताना कर धरतात तो गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाप्रमाणं कमी करून. तू मोजलेल्या 8 लाखांवरून नव्हे. तो तू भरलास, मान्य. पण गिऱ्हाईकही हाच हिशोब मांडतो: दिल्लीचा भाव, कर, गाडी आणायचा खर्च आणि तुझ्या धावपळीचे थोडे. त्यात 15.5 बसवून दाखव बघू.

आणि गाडी जुनी झाली म्हणून तिचे स्पेअर जुन्या भावात मिळत नाहीत. पाऊण कोटीच्या वरची गाडी होती ती. पार्ट त्याच दर्जाचे येतात. तुझ्या गाडीची पुढची उजवी बाजू सकाळी खाली बसलेली असते, मी स्वतः बघितलंय. चाकाच्या कमानीत बोट शिरत नव्हतं. स्टार्ट केल्यावर कॉम्प्रेसर घरघरत राहतो आणि मग ती कुंथत वर येते. एअर सस्पेन्शनचं रबर वयानं चिरतं, हवा गळते, ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जातो. बघायला येणारा मेकॅनिक घेऊनच येतो रे! तो गिऱ्हाइकाच्या कानात काय सांगत असेल?

वर 2027 साली 15 वर्षं भरतील. फिटनेस, पुनर्नोंदणी, हरित कर, सगळं पुढच्याच्या गळ्यात. एवढ्या जुन्या गाडीला बँक सहसा दारात उभं करत नाही, म्हणजे गिऱ्हाईक रोखीचंच हवं. शिवाय सप्टेंबर 2025ला नव्या मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून 48-50 टक्क्यांचा बोजा 40वर आला. नवी उतरली की जुनी खाली सरकतेच. विम्याची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, मला दाखवू नकोस. 5 वर्षांनंतर ती कंपनी आणि तू मिळून ठरवता. तो भाव नव्हे.

एमएच-10 पाटी बघून बाहेरचा माणूस ‘पुरातली नाही ना?’ विचारतो, त्याचा राग मानू नकोस. 2019च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्यानंतर चकाचक धुतलेल्या गाड्या आल्याच होत्या बाजारात. मी आजही कुठल्याही गाडीत बसलो की आधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. तुझा पट्टा स्वच्छ आहे, तो ओढून दाखव. सर्व्हिस रेकॉर्डही पुढं ठेव.

लोक मला सौदे मोडणारा म्हणतात. माझ्याबरोबर जुन्या गाड्यांची एजंटगिरी सुरू केलेल्यांचे विश्रामबागेत बंगले झाले, मी अजून स्कूटरवर. का, तर माझ्या वहीत फक्त पैसे मोजून झालेले आकडे असतात आणि मी तेवढेच सांगतो. एका जिवलग मित्राला त्याच्या गाडीचा खरा भाव सांगितला, तो माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. लागतं मनाला, अजूनही. पण मी त्याच्या मनातला आकडा बोललो असतो तर कुणी तेवढे मोजले असते का? त्याची गाडी दोन पावसाळे दारात भिजली आणि मी सांगितल्यापेक्षाही कमीला गेली. हे मला घेणाऱ्यानं सांगितलं, मित्रानं नव्हे. मग चुकलं कोण? असो.

इचलकरंजीच्या सूतवाल्यानं 10 लाख म्हटल्यावर तू त्याला ‘बजेट नसेल तर येऊ नका’ म्हणालास. त्याला आजच फोन कर. आधी माफी माग, मग 10.5 म्हण आणि 10ला सोड. सस्पेन्शनचं तूच सांग, त्याच्या मेकॅनिकनं दाखवायच्या आत. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 तयार ठेव, पण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नकोस. आणि ते स्क्रीनशॉट परत पाठवलेस तर मी फोन उचलणार नाही.

— काका